गाडीचे मागचे ड्रम ब्रेकचे शू घरी बदलता येतात का?

येतात. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं गोल डबडं, आणि शू म्हणजे त्याला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या दोन अर्धगोल पट्ट्या. मी आत्तापर्यंत दोनदा बदललेत आणि त्यातल्या पहिल्यांदा चुकीचे बसवले होते, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे, वैतागू नका.

तुम्ही लिहिलंय की गाडी ७० हजार किलोमीटर झालीये, हँडब्रेक पार वरपर्यंत ओढावा लागतो आणि ब्रेक दाबला की मागून खरखर येते. शू संपले असतील, पण नुसती धूळ भरलेली असू शकते किंवा हँडब्रेकची केबल सैल झालेली असू शकते, तेव्हा आधी उघडून बघा आणि मगच पार्ट आणायला जा. लायनिंग, म्हणजे शूवरचा घासला जाणारा थर, २ मिलिमीटरच्या आत आलं असेल किंवा रिव्हेटची डोकी दिसायला लागली असतील तर संपलं. आणि बदलायचे तर दोन्ही चाकांचे, चारही शू, एका बाजूचे कधीच नाही, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढायला लागते.

मी इंदूरला सुदामा नगरात राहतो, घरासमोरच्या सपाट काँक्रीटवर काम केलं. पुढच्या दोन्ही चाकांना अडण लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाचे नट जॅक लावायच्या आधीच थोडे सैल करा, आणि हँडब्रेक खाली. हे लोक विसरतात, हँडब्रेक ओढलेला असला की शू ड्रमला धरून बसतात आणि मग ड्रम का निघत नाही म्हणून घाम गाळत बसायचं. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका, स्टँड लावा. विटांची चळत नको, वीट कधी पिचेल सांगता येत नाही.

खरं काम म्हणजे ड्रम काढणं. माझा दीड तास खाऊन गेला. ड्रम मधे हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, गंजाने चिकटलेला असतो, शिवाय आतल्या कडेला झिजून एक ओठ तयार होतो, त्यात शू अडकतात. ड्रमच्या तोंडावर दोन आटेवाली भोकं असतील तर त्यात बहुतेक ८ मिलिमीटरचे बोल्ट बसतात, ते आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर सरकतो. भोकं नसतील तर हातोडीने तोंडावर ठोका, कडेवर ठोकलं तर टवका उडेल. तरी नाही निघाला तर मागच्या प्लेटवर रबरी बूच असतं, ते काढून आतला अ‍ॅडजस्टर (शू ड्रमपासून किती लांब राहतील ते ठरवणारा आट्यांचा दांडा) स्क्रू ड्रायव्हरने मागे फिरवा म्हणजे शू आक्रसतात. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत ड्रम आणि हब एकच असतो, तिथे मधली टोपी काढून मोठा नट खोलावा लागतो. तो नट परत लावताना नवीन घ्या आणि टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा, अंदाजाने नाही, कारण चाक त्याच्यावरच आहे. टॉर्क पाना नसेल तर अशी गाडी सरळ मेकॅनिककडे न्या.

आतली काळी धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुफ्फुसात जातो. आमच्या नाक्यावरचा पोरगा काँप्रेसरने सगळी धूळ उडवतो आणि वर विचारतो, भिया खाँसी क्यों आ रही है. मास्क लावा, ब्रेक क्लीनर किंवा साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसा.

आता माझी चूक. उत्साहात मी दोन्ही बाजू एकदम उघडल्या, सगळे पार्ट एकाच परातीत टाकले. स्प्रिंगा कशाबशा बसवल्या, त्यासाठी फोटो काढले होते. पण दोन्ही अ‍ॅडजस्टर दिसायला सारखेच, कुठला कुठला होता काही कळेना, लावले अंदाजाने. गाडी चालवली, ब्रेक झकास. आठवड्याभरात पेडल खाली जायला लागलं, दहा-बारा दिवसांनी पार अर्ध्यावर. ब्रेक ऑइल तर जागच्या जागी! शेवटी छावणीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने ड्रम उघडून अ‍ॅडजस्टर नुसता बोटाने फिरवून दाखवला. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. लायनिंग झिजेल तसा अ‍ॅडजस्टर लांब होऊन शू ड्रमच्या जवळ आणत राहतो, पण मी बाजू बदलल्यामुळे तो दर वेळी आखूडच होत होता. म्हणजे माझीच गाडी रोज थोडा थोडा स्वतःचा ब्रेक काढून घेत होती.

म्हणून एका वेळी एकच बाजू. दुसरी बंदच ठेवा, अडलात तर तिचा ड्रम काढून बघता येतं, फक्त ती आरशातल्यासारखी उलटी दिसेल हे लक्षात ठेवा. एकाच चाकातला पुढचा आणि मागचा शू पण वेगळे, मागच्यावर हँडब्रेकचा लिव्हर असतो. काही गाड्यांत दोघांचं लायनिंगही सारखं नसतं, कारण गाडी पुढे जाताना पुढचा शू ड्रमच्या फिरण्याने आणखी घट्ट दाबला जातो आणि जास्त काम तोच करतो. शूला धरून ठेवणाऱ्या छोट्या स्प्रिंगची वाटी पकडीने दाबून मागच्या खिळ्याला पाव फेरा द्यायचा की सुटते. सुटताना ती थेट तोंडावर येते, चष्मा घाला. मोठ्या स्प्रिंगा जमिनीवरच नव्या शूंना अडकवून घ्या आणि सगळा सांगाडा एकदम उचलून चढवा, एकेक ताणत बसण्यापेक्षा हे सोपं पडतं.

ड्रम उघडा असताना कोणी ब्रेक दाबला तर ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात आणि सगळं ऑइल जमिनीवर. आमच्या चिरंजीवांना गाडीत बसून स्टिअरिंग फिरवायची भारी हौस, म्हणून मी ड्रायव्हर सीटवर पाण्याची भरलेली बादली ठेवली होती. त्याच वेळी सिलिंडरचं रबर जरा उचलून बघा, आत ओल असेल तर सिलिंडर गळतोय, तो बदलून ब्रेकच्या नळीतली हवा काढल्याशिवाय नवे शू लावू नका, ऑइल लागलं की लायनिंग वाया. मागच्या प्लेटवर शू जिथे घासतात तिथे उष्णतेला टिकणारं ग्रीस, ज्वारीच्या दाण्याएवढं. लायनिंगला मात्र काहीच नको. आमच्याकडे मधेच पोहे आले, वर शेव, आणि तेच हात मी शूला लावणार होतो. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो, झिजून त्याच्या पुढे गेला असेल तर ड्रमही नवा.

शेवटी अ‍ॅडजस्टर असा लावा की ड्रम हाताने बसावा आणि फिरवताना हलकीशी कुरकुर यावी. पेडल पाच-सात वेळा दाबा, हँडब्रेकच्या टकटकी मोजून मॅन्युअलशी ताडा, आणि आधी गल्लीतच अगदी हळू चालवून बघा. नवा शू ड्रमच्या गोलाईला बसेपर्यंत पहिले दोन-तीनशे किलोमीटर ब्रेक जरा कमी लागतो, तेव्हा लगेच गाडी भरून महेश्वरला मानपूरच्या घाटातून उतरायचा बेत करू नका. आणि अ‍ॅडजस्टर काढल्या काढल्या त्यावर नेलपॉलिशने खूण करा, डाव्याला एक ठिपका, उजव्याला दोन. आमच्या हिचा लाल रंग संपला त्यात, पण दुसऱ्यांदा काम अडीच तासात झालं.