लॅब्राडॉरच्या लहान पिल्लाला कोणते खाद्य द्यावे?

आपला प्रश्न असा आहे की, कोथरूडच्या घरी ४५ दिवसांचे लॅब्राडॉरचे पिल्लू आणले आहे, घर शाकाहारी आहे, ज्यांच्याकडून पिल्लू घेतले त्यांनी दूध-पोळी, सेरेलॅक आणि रोज कॅल्शियमचे सिरप द्यायला सांगितले आहे आणि दुकानदार मात्र निरनिराळ्या कंपन्यांची पाकिटे पुढे करतो आहे, तर यातले काय निवडावे. माझ्या घरी बरीच वर्षे मोठ्या जातीचे कुत्रे आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, आधी सिरपची बाटली बाजूला ठेवा. (४५ दिवसांचे पिल्लू विकणेही नियमात बसत नाही, २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. त्यामुळे विक्रेत्याचा आहारविषयक सल्लाही थोडा पारखूनच घ्यावा.)

मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडणे जितके वाईट, तितकेच ते जास्त होणेही वाईट असते. प्रौढ कुत्र्याचे आतडे गरजेपुरते कॅल्शियम शोषून घेते आणि उरलेले बाहेर टाकते. पहिल्या सहा महिन्यांत पिल्लाला हे नियंत्रण नीट साधत नाही, पोटात गेलेल्या कॅल्शियमचा बराच भाग रक्तात उतरतो आणि त्यातून हाडांची व सांध्यांची वाढ बिघडू शकते. संतुलित खाद्य चालू असताना वरून सिरप देण्याचे कारण उरत नाही. पशुवैद्याने तपासून सांगितले तर गोष्ट वेगळी.

दूध-पोळीने पोट भरते, परंतु वाढीला लागणारी प्रथिने, खनिजे आणि जीवनसत्त्वे त्यातून पुरेशी मिळत नाहीत. शिवाय कुत्रीच्या दुधापेक्षा गाईम्हशीच्या दुधात दुग्धशर्करा जास्त असल्याने अनेक पिल्लांना त्याने जुलाब होतात. सेरेलॅक माणसाच्या बाळासाठी बनवलेले आहे, एवढे म्हणणे पुरे. याउलट, शेजारी कोणी नुसते उकडलेले चिकन द्यायला सांगतील, तेही अपुरेच आहे. वाढीच्या वयात आहारातील कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण साधारण एकास एक ते दोनास एक असावे लागते. हाडाविना मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते, त्यामुळे शरीर ती तूट हाडांतून भरून काढते.

म्हणून पहिल्या वर्षासाठी मी चांगले कोरडे तयार खाद्य निवडेन. त्यात बहुधा मांसाचा अंश असतो, मात्र आपल्या ओट्यावर काही शिजवावे लागत नाही, आणि माझ्या ओळखीतील कित्येक शाकाहारी घरांनी हाच मध्यममार्ग स्वीकारला आहे. पूर्ण शाकाहारी आहार कुत्र्याला अशक्य नाही, परंतु वाढत्या लॅब्राडॉरसाठी तो घरच्या अंदाजाने आखू नये. प्राण्यांच्या आहाराचा अभ्यास असलेल्या पशुवैद्याकडूनच आखून घ्यावा.

पाकीट घेताना पुढच्या बाजूच्या चित्रापेक्षा मागचा बारीक मजकूर वाचा. खाद्य ‘ग्रोथ’साठी किंवा ‘ऑल लाइफ स्टेजेस’साठी ‘कम्प्लीट’ आहे, असे तेथे म्हटलेले असावे; ‘मेंटेनन्स’ म्हणजे प्रौढांचे, आणि ‘कॉम्प्लिमेंटरी’ म्हणजे मुख्य जेवण होऊ न शकणारे. अमेरिकेतील पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या एएएफसीओ या संस्थेच्या निकषांप्रमाणे पाण्याचा अंश वगळून मोजल्यास वाढीच्या खाद्यात किमान २२.५ टक्के प्रथिने आणि ८.५ टक्के स्निग्धांश असावा लागतो. प्रौढपणी सुमारे ३२ किलो किंवा अधिक वजन होणाऱ्या कुत्र्यांच्या पिल्लांसाठी कॅल्शियमची कमाल मर्यादा १.८ टक्के आहे, इतरांसाठी २.५. लॅब्राडॉरचा नर सहज त्या वजनापर्यंत जातो, म्हणून ‘लार्ज ब्रीड पपी’ लिहिलेलेच पाकीट घ्यावे. ओल्या खाद्याच्या पाकिटावर प्रथिने ८ टक्के दिसली तर घाबरू नका. त्यात ७८ टक्के पाणी असेल तर उरलेल्या २२ भागांतील ८ म्हणजे ३६ टक्के होतात.

गोणीतून सुटे विकले जाणारे खाद्य घेऊ नका, कारण त्याची उत्पादनाची तारीख कळत नाही आणि ते किती दिवस उघडे आहे हेही समजत नाही. पुण्यात जून ते सप्टेंबर हवेतील दमटपणामुळे कोरडे खाद्य मऊ पडते, त्याला बुरशी लागते आणि त्यातील तेल खवट होते. त्यामुळे स्वस्त पडते म्हणून मोठे पोते आणण्यापेक्षा महिन्याभरात संपेल एवढेच पाकीट आणावे आणि ते पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

किती द्यावे, याचा पाकिटावरील तक्ता सुरुवातीपुरता धरावा. दिवसाचे खाद्य वाटीने न मोजता काट्यावर मोजून, या वयात चार वेळा विभागून द्यावे. चौथ्या महिन्यानंतर तीनदा आणि सहा महिन्यांनंतर दोनदा पुरते. हात फिरवल्यावर फासळ्या सहज लागाव्यात आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसावी. गुटगुटीत पिल्लाचे कौतुक होते खरे, पण ४८ लॅब्राडॉरांवरील, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जन्मभर २५ टक्के कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे आणि दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे आढळले, शिवाय सांध्यांचे दुखणेही पहिल्या गटात उशिरा सुरू झाले. दही, पनीर किंवा गाजराचा तुकडा अधूनमधून चालेल. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट मात्र अजिबात नको. फोडणीची आमटी-भातही त्यामुळेच टाळावा.

आता जे चालू आहे ते एकदम बंद न करता सात दिवसांत हळूहळू नवे खाद्य वाढवत न्यावे. मल किंचित सैल झाला तर वेग कमी करावा. परंतु उलट्या, रक्त पडणे किंवा मरगळ दिसल्यास खाद्यावर खापर फोडत घरी थांबू नका. या वयात जंत किंवा पार्व्हो (आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) असू शकतो, त्यामुळे त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.