कोल्हापुरात बाराही महिने अंगणात राहणाऱ्या कुत्र्याला कसे जपावे?

राखणीसाठी दारात ठेवलेला गावठी कुत्रा वर्षभर बाहेरच राहणार असेल, तर त्याची काळजी कशी घ्यावी, असे आपण विचारले आहे. माझे घर प्रयाग चिखलीकडे, पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यात आहे. आमच्या अंगणात आजवर तीन कुत्री वाढली. त्या अनुभवावरून सांगतो की, कुत्रा कोठे बांधला आहे आणि वेळ आली तर त्याला तेथून हलता येते का, हे औषधपाण्याच्याही आधी पाहावे.

उन्हाळ्यात सकाळी असलेली सावली दुपारी सरकते, साखळी मात्र तेवढीच राहते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर सोडतो, त्यामुळे पत्र्याखाली कोंडलेली हवा त्याला उन्हाइतकीच बाधते. एका एप्रिलमध्ये आमच्या मोत्याने दुपारभर पाण्याला तोंड लावले नाही, म्हणून मी पातेल्यात बोट बुडवले, तर ॲल्युमिनियमच्या त्या भांड्यातले पाणी चहासारखे कढत झाले होते. तेव्हापासून पाणी मातीच्या परळात आणि कडुनिंबाखाली ठेवतो. कुत्रा लाळ गाळत झोकांड्या देऊ लागला, तर अंगावर साधे पाणी ओतून वारा घालावा आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

पावसाळ्यात प्रश्न जिवाचा होतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी आहे. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिल्यावर आमच्या घरी 39 फूट झाले की जनावरांबरोबर कुत्राही पाहुण्यांकडे हलवायचा, असे ठरले आहे. नाइलाजाने मागे ठेवावाच लागला, तर निदान साखळी काढावी, कारण बांधलेल्या जनावराला पोहूनही जीव वाचवता येत नाही. ओसरलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि तो माणसालाही होतो. त्यामुळे त्याची लस दरवर्षी द्यावी आणि चिखलातून आलेला कुत्रा धुऊन कोरडा करावा.

गोचीड कानाच्या आत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात रोज हाताने चाचपून पाहावी. ती चिरडू नये, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडून भिंतीच्या भेगांत अंडी घालते, म्हणून नुसता कुत्रा धुऊन भागत नाही, भेगाही बुजवाव्या लागतात. गोठ्यातले गोचिडांचे औषध अंदाजाने कुत्र्याला लावण्याची चूक आमच्या शेजारी झाली होती. ते जनावर दोन दिवस थरथरत होते. दारात मांजर असेल, तर कुत्र्याचे औषधही तिला लावू नये, कारण अशा काही औषधांत असलेले पर्मेथ्रिन मांजराला मारक ठरते.

उसाला तोड लागली की उंदीर घरांकडे सरकतात आणि त्यांच्या मागे नाग-घोणसही येतात, त्यामुळे कुत्र्याच्या जागेजवळ विटांचा किंवा जळणाचा ढीग ठेवू नये. याच दिवसांत उंदरांसाठी टाकलेले विष कुत्रा खातो, तेव्हा ते उघड्यावर टाकणे टाळावे. दिवाळीत फटाक्यांच्या रात्री त्याला सोप्यात घ्यावे. भ्यालेला कुत्रा साखळीसकट गडगा ओलांडतो आणि पलीकडे लटकून फास बसतो. थंडीसाठी गोणपाट आणि जमिनीपासून उचललेली फळी पुरते.

रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर द्यावी आणि पुढचे डोस डॉक्टर सांगतील त्या तारखांना चुकवू नयेत. आम्ही ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारीच लिहून ठेवतो.