लिफ्टचा ‘पार्ट यायचाय’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न : आम्ही वाघोलीत भाड्याने राहतो, सातवा मजला, टू बीएचके, ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट. गेले १९ दिवस आमच्या विंगची लिफ्ट बंद आहे, दारावर ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असा कागद लावलाय आणि त्यावर तारखेची जागा कोरीच. वॉचमनकाका रोज सांगतात, पार्ट यायचाय मॅडम. सासूबाईंचे गुडघे दुखतात, एवढ्या दिवसांत एकदाच खाली उतरल्या, ते पण डॉक्टरकडे जायला, आणि येताना चौथ्या मजल्यावर कोणाच्या तरी चपलांच्या स्टँडवर अर्धा तास बसून राहिल्या. गॅसवाला सिलिंडर गेटवरच ठेवून जातो. पाणी टँकरचं, परवा बादली रात्रभर भरून ठेवली तर सकाळी तळाला मातीचा थर. सेक्रेटरी म्हणतात तुम्ही टेनंट, ओनरला बोलायला सांगा. ओनर नागपूरला, ते म्हणतात सोसायटीचं काम, मी काय करणार. आणि राहायला आलो तेव्हा शिफ्टिंग चार्ज म्हणून ५००० कॅश घेतले त्याची पावती अजून नाही. पुढच्या महिन्याचं भाडं थांबवू का?

उत्तर : ताई, भाडं थांबवू नका. तुमचं डिपॉझिट ओनरकडे आहे, तुम्ही भाडं अडवलंत की तो त्यातून वळतं करेल आणि वर तुम्हीच अ‍ॅग्रीमेंट मोडलं म्हणून बोंबलेल.

आता ‘पार्ट यायचाय’ बद्दल. मी सहा वर्षं आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते, हे वाक्य मी स्वतः लोकांना ऐकवलंय, त्यामुळे सांगते की बऱ्याचदा पार्ट यायचा नसतो, चेक निघायचा असतो. लिफ्टची एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, दोन प्रकारची असते, एकीत पार्ट धरलेले असतात, दुसरीत फक्त सर्व्हिसिंग. दुसरी स्वस्त म्हणून बऱ्याच कमिट्या तीच घेतात, मग मोठं काही बिघडलं की कंपनी कोटेशन देते, कमिटीत दोन जण म्हणतात महाग आहे अजून एक मागवा, तिकडे चार फ्लॅटवाल्यांनी वर्षभर मेंटेनन्स भरलेला नसतो, आणि या सगळ्यात सासूबाई सातव्या मजल्यावर अडकतात. म्हणून लिफ्ट कधी सुरू होणार असं विचारूच नका, कोटेशन कितीचं आलंय आणि कधी मंजूर झालं ते विचारा. एकदम वेगळं उत्तर मिळतं.

पण विचारायचं कोणी? सेक्रेटरींचा टोन चुकलाय पण नियम बरोबर आहे. सोसायटीचा मेंबर तुमचा ओनर, तुम्ही लीव्ह अँड लायसन्सवर आहात म्हणजे कायद्याच्या भाषेत धड भाडेकरूसुद्धा नाही, लायसन्सी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ मध्ये पाणी, जिन्यातले दिवे, लिफ्ट या सगळ्याला अत्यावश्यक सेवा म्हटलंय आणि त्या तोडायच्या नाहीत असं घरमालकाला बजावलंय, पण ते कलम भाडेकरूसाठी लिहिलेलं आहे, त्यामुळे त्याच्या भरवशावर उडी मारू नका.

त्यापेक्षा ओनरला ईमेल करा. फोन नको, फोनवर तो ‘बघतो’ म्हणणार आणि ते तिथेच संपणार. त्या कोऱ्या तारखेच्या कागदाचा फोटो, बादलीचा फोटो, सासूबाईंच्या डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं जोडा आणि लिहा की हीच तक्रार तुमच्या नावाने सोसायटीला पाठवा. मेंबरची लेखी तक्रार आली की कमिटीला ती मीटिंगमध्ये घेऊन लेखी उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर ओनर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाऊ शकतो. ओनर टाळायला लागला तर भाडं कमी करा किंवा लॉक-इन (घर सोडता येत नाही ती किमान मुदत) सोडून आम्हाला जाऊ द्या असं सरळ विचारा. रिकामा फ्लॅट आणि बंद लिफ्ट, नवीन गिऱ्हाईक कोण येणार बघायला, हे त्यालाही कळतं. शिफ्टिंगच्या ५००० ची पावतीही त्यालाच मागायला लावा, बघा कशी लगेच सापडते!

लिफ्ट धोकादायक वाटत असेल, म्हणजे मध्येच अडकते, दार उघडं असताना हलते वगैरे, तर राज्याच्या विद्युत निरीक्षकांकडे तुम्ही स्वतः लिहू शकता, तिथे मेंबर कोण आणि टेनंट कोण असलं काही नाही. २०१७ च्या लिफ्ट कायद्याखाली तपासणी त्यांच्याकडेच असते.

पाण्याचं मात्र मी एक दिवसही लांबवणार नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट वाढले आणि बोट पाण्याकडे गेलं, ते आठवतंय ना? वाघोली २०२१ पासून पुणे महापालिकेत आहे, तेव्हा आरोग्य खात्यात तक्रार करा आणि ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, करायला सांगा. छोट्या नळीत पाणी घेऊन दोन थेंब टाकतात, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडलेलंच नाही. टाक्या शेवटच्या कधी धुतल्या तेही कमिटीला विचारा, आणि तोवर पाणी गाळून उकळूनच प्या.

प्रश्न : डोंबिवलीत भाड्याने राहतो. फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी नॉन ऑक्युपन्सी चार्ज लावते म्हणून ओनर आता अचानक महिना १५०० जास्त मागतोय. द्यायचे का?

उत्तर : अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलंय का ते आधी बघा, नसेल तर मध्येच वाढवता येत नाही. तो चार्ज सोसायटी मेंबरकडून घेते, तुमच्याकडून नाही. आणि १५०० कुठून आले? १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे हा चार्ज सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर नेता येत नाही, आणि हिशोबात महापालिकेचे टॅक्स धरायचे नाहीत. म्हणजे सर्व्हिस चार्ज १८०० असेल तर जास्तीत जास्त १८० रुपये. ओनरकडे सोसायटीचं बिल मागा. एकतर सोसायटी त्याला लुटतेय, नाहीतर तो तुम्हाला.