1900 च्या फ्रेंच 'हॅम्लेट'ला मूकपट म्हणायचं का?

फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नारबद्दल प्रश्न असा आलाय की 'सारा बर्नारचा 1900 सालचा हॅम्लेट हा शेक्सपिअरच्या शोकांतिकेचं रूपांतर असलेला पहिला मूकपट' हे वाक्य बरोबर आहे का. शोकांतिका हा शब्द एकदम योग्य, त्यात काही बदलू नका. मला खटकतात ते 'रूपांतर' आणि 'मूकपट'.

आधी रूपांतर. ही फिल्म जेमतेम दोन मिनिटांची आहे, क्लेमां मोरिसने काढलेली, आणि तिच्यात अख्खं नाटक नाहीच, फक्त शेवटचं हॅम्लेट आणि लेअर्टीसचं द्वंद्व आहे. सारा तेव्हा पंचावन्न वर्षांची होती आणि आदल्याच वर्षी पॅरिसच्या रंगभूमीवर तिने स्वतः हॅम्लेट रंगवला होता, तोही मोरां आणि श्वॉब यांनी केलेल्या फ्रेंच गद्य भाषांतरातून, म्हणजे रूपांतर किंवा भाषांतर जे काही म्हणायचं ते आधी रंगमंचासाठी झालेलं होतं, कॅमेऱ्याने त्यातला एक तुकडा टिपला इतकंच. आपल्याकडे याला अगदी नेमका शब्द आहे की, 'नाट्यप्रवेश'! स्नेहसंमेलनात आपण 'अमुक नाटकातला प्रवेश सादर केला' म्हणतो, तेव्हा कोणी त्याला रूपांतर म्हणत नाही. रूपांतरात कथेला नवा घाट द्यावा लागतो. आणि भाषांतरच बघायचं तर आगरकरांचं 'विकारविलसित' 1883 चं, म्हणजे मराठी हॅम्लेट या फिल्मच्या कितीतरी आधी छापून आला होता, हे मला फार अभिमानाचं वाटतं.

आता मूकपट. ही फिल्म पॅरिसच्या 1900 च्या जागतिक प्रदर्शनात 'फोनो-सिनेमा-थिएटर' नावाच्या खेळात दाखवली गेली, आणि त्या खेळाची सगळी गंमतच चित्राला आवाजाची जोड देण्यात होती, काही फिल्म्सबरोबर फोनोग्राफच्या नळकांड्यावर मुद्रित केलेला आवाज वाजायचा, कोक्लां या नटाने रंगवलेला सिरानो, म्हणजे एका फ्रेंच नाटकाचा नायक, तर चक्क बोलायचा. या द्वंद्वात संवाद नाहीत पण तलवारींचा खणखणाट प्रेक्षकांना ऐकवला जायचा. मग तिला मूक कसं म्हणणार? मूकपट हा शब्द बोलपटाच्या विरुद्ध उभा राहतो, आपल्याकडे 'आलम आरा' 1931 चा, आणि त्याआधीचं सगळं सरसकट मूक असं आपण धरून चालतो. काळाची खूण म्हणून 'मूकपटांच्या काळातली' म्हणा, माझी हरकत नाही, पण या फिल्मला नुसतं 'चलचित्र' म्हणणं जास्त प्रामाणिक आहे.

मी असं लिहीन: 'सारा बर्नारने हॅम्लेटमधल्या द्वंद्वाचा प्रवेश 1900 साली चलचित्रासाठी केला.' 'पहिला' हे विशेषण मी काढलंय, कारण 1899 मध्ये इंग्लंडात शेक्सपिअरच्याच 'किंग जॉन' नाटकाचे तुकडे चित्रित झाले होते. साराच्याच 1912 च्या राणी एलिझाबेथवरच्या फिल्मला मात्र मूकपट म्हणायला काहीच अडचण नाही, तिच्यात पूर्ण कथा आहे आणि मुद्रित आवाजाची जोड नाही.