लोकलचा डबा लोकल का वाटत नाही: रुंदी, छत आणि उघडी दारं

तुमची तक्रार वाचली आणि स्वतःची जुनी वही उघडल्यासारखं झालं. मॉडेल रेल्वेसाठी बाजारात मिळणारे एच.ओ. या छोट्या मापाचे आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या धाटणीचे, लांब पल्ल्याच्या गाड्यांचे) प्रवासी डबे घेतलेत, पांढरा-जांभळा रंग दिलात, लेडीज-फर्स्ट क्लासचे पट्टे चिकटवलेत, आणि तरीही मुंबईची लोकल काही दिसत नाही. 'आता गंजाचे डाग, पोस्टर, पानाच्या पिचकाऱ्या घातल्या की जमेल का?' असं विचारलंय. नाही जमणार. मळवण्याचं काम सगळ्यात शेवटचं.

आधी सांगून टाकतो: मी रेल्वेत नाही, नुसता हौशी माणूस आहे. एसी लोकलबद्दल बोलत नाही, तो प्रकार निराळा. आणि मतं माझी आहेत, पटली तर घ्या. कापणं, चिकटवणं, प्रायमर, मास्किंग टेप हे तुम्हाला येतंच, रंगाचं काम स्वच्छ आहे. ते सोडून बोलतो.

गडबड रुंदीत आहे. लांब पल्ल्याचा आयसीएफ डबा साधारण ३.२५ मीटर रुंद, लोकलचा ३.६६. एच.ओ.मध्ये म्हणजे १:८७ला हे अनुक्रमे ३७.३ आणि ४२ मिमी होतात. पावणेपाच मिमीचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण लोकलचा सगळा रुबाब त्या फुगलेल्या अंगात आहे. वर लांबीही उलटी: आयसीएफ सुमारे २४५ मिमी, लोकल सुमारे २३८. म्हणजे तुमच्याकडे आहे तो डबा लोकलपेक्षा लांब आणि बारीक. त्यावर कितीही सुंदर पट्टे ओढा, नजर फसत नाही.

छत आणि तळ मधोमध उभे चिरून पट्टी घालणं हा एक उपाय सुचवला जातो. मला तो पटत नाही. खिडक्या-दारांची मांडणीच वेगळी असल्यामुळे बाजू तर नव्याच कराव्या लागतात, मग उरतं काय? जुन्या डब्याच्या बोग्या, म्हणजे तळाखालच्या चाकांच्या चौकटी, ठेवा, बाकीचं विसरा. बाजू प्लॅस्टिक शीटच्या, छत आणि टोकं थ्रीडी प्रिंटची, असं मिश्रण मला सोयीचं पडतं.

आता मोजमापं. इथेच माझी सगळ्यात जास्त हाडं मोडली, म्हणून जरा लांबण लावतो.

मला डब्याचा मूळ आराखडा हवा होता, नुसता बाजूने दिसणारा. रीतसर अर्ज केला. पहिल्या कार्यालयाने 'हे आमच्याकडे नाही' म्हणून दुसरीकडे धाडलं. तिथे पहिला प्रश्न, 'कोणत्या संस्थेतर्फे?' संस्था नाही, मी एकटाच, असं म्हटल्यावर माझा अर्ज कुठल्या खणात ठेवायचा हेच त्यांना कळेना. कॉलेजच्या लेटरहेडवर आणा म्हणाले. कॉलेज सोडून माझी मुलं कॉलेजात जायची वेळ आली होती! 'कशासाठी हवंय?' मॉडेल करायचंय. 'म्हणजे खेळणं?' बरं, खेळणं. सरकारी काम अन् सहा महिने थांब ही म्हण त्या खात्याने फारच मनावर घेतली होती.

शेवटी हाती पडली ती मोठ्या आराखड्याची तुकड्या-तुकड्यांत काढलेली झेरॉक्स. कोपऱ्यात मूळ प्रमाण तसंच छापलेलं, पण कागद लहान करून काढलेला, म्हणजे ते प्रमाण खोटं. मापांचे आकडे शाईचे ठिपके झालेले. आणि खरी मेख अशी की मशीनमधून जाताना कागद एकाच दिशेने ताणला गेला होता: लांबी बरोबर लागते, उंची लागत नाही. हे उघड्या डोळ्यांना दिसत नाही. त्या कागदावरून अख्ख्या रेकच्या, म्हणजे गाडीच्या सगळ्या डब्यांच्या, बाजू लेझरने कापून आल्या, आणि जोडायला घेतल्यावर खिडक्यांची ओळ भलतीकडेच बसली. सगळ्या शीट भंगारात. वाचता येईल अशी प्रत मागायला गेलो तर उत्तर, 'दिलीय ती प्रत हीच.' वर हेही उघड झालं की आराखडा जुन्या डीसी (एकदिश विजेवर चालणाऱ्या) गाड्यांचा होता. अर्जात गाडीचा प्रकार स्पष्ट लिहिला होता, पण तो अर्ज कोणी वाचला असेल असं मला आजही वाटत नाही.

असो. राग काढून झाला. तुम्ही त्या वाटेला जाऊच नका.

फोटोवरून माप काढा. गाडी प्लॅटफॉर्मला उभी असताना समोरच्या प्लॅटफॉर्मवरून, शक्य तितकं लांबून, झूम लावून, डब्याला बरोबर काटकोनात. जवळून रुंद लेन्सने काढलेला फोटो टोकांना वाकतो, तो कामाचा नाही. मग प्रमाण ठरवायला माहीत असलेलं माप धरा: बाजूच्या फोटोत डब्याची लांबी २०.७ मीटर, समोरच्या फोटोत रुंदी ३.६६ मीटर किंवा रुळांतलं अंतर १,६७६ मिमी. चाकावरून प्रमाण काढायचा मोह होतो, कारण ते प्रत्येक फोटोत असतं. करू नका. नवं चाक ९५२ मिमीचं, पण ते झिजतं आणि वेळोवेळी कातलं जातं. दाराची रुंदी, खिडकीची उंची ही किरकोळ मापं दुपारच्या रिकाम्या गाडीत बसून टेपने घ्या. रुळांवर, यार्डात, कारशेडजवळ जाऊ नका. हा रेल्वे कायद्याच्या १४७व्या कलमाखाली गुन्हा आहे आणि जिवाचा प्रश्न तर आहेच. प्लॅटफॉर्मवर कोणी कर्मचाऱ्याने फोटोला हरकत घेतली तर हुज्जत न घालता निघा.

छतासाठी पादचारी पूल. टेबलावरचं मॉडेल आपण कायम वरून बघतो, आणि हौशी लोक जीव ओततात कुठे? तळाखालच्या पेट्यांवर, ज्या कोणालाच दिसत नाहीत. पुलावर उभं राहिलात की सीमेन्स कंपनीची यंत्रणा असलेल्या पांढऱ्या-जांभळ्या गाडीच्या छतावरचे हवा आत ढकलणाऱ्या ब्लोअरचे उंचवटे दिसतील. जुन्या पिवळ्या-तपकिरी गाड्यांवर ते नाहीत, म्हणजे हा एक तपशील चुकला की काळच चुकला. पँटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा) टोकाच्या, मोटरमनच्या डब्यावर बसवू नका, तो मोटर कोचवर, म्हणजे गाडी ओढणाऱ्या मोटरींच्या डब्यावर असतो, टोकापासून दुसरा डबा. त्या जागी छत खाली दबलेलं असतं, आणि त्याच डब्यात उच्च दाबाच्या विजेच्या यंत्रांची बंद खोली असते, तिथे प्रवाशांच्या खिडक्या नाहीत. ही खोली म्हणजे आपल्यासाठी लॉटरी आहे. मॉडेलची मोटर आणि गिअर तिच्यात लपवा, बाकी सगळा डबा आतून मोकळा राहतो.

मोकळा का हवा, तर दारं उघडी असतात म्हणून. बंद दारांची लोकल मला बघवत नाही. दार कापलं की भिंतीची जाडी उघडी पडते. दीड मिमीची प्रिंट केलेली भिंत म्हणजे खऱ्या मापात तेरा सेंटिमीटर, किल्ल्याची तटबंदी! दाराच्या आणि खिडकीच्या कडा आतून तिरक्या घासून अर्ध्या मिमीवर आणा. कंटाळवाणं काम आहे, पण रंगापेक्षा याचा परिणाम जास्त दिसतो. दारातला मधला खांब पितळी तारेचा करा, आणि डबा मळवून झाल्यावर त्यावर पुन्हा चकचकीत चंदेरी हात फिरवा. सगळी गाडी मळते, तो खांब मात्र हातांनी घासून कायम लकाकत असतो. आतले दिवे पिवळसर एलईडीचे नकोत, ट्यूबलाइटचा गार पांढरा हवा, आणि प्रखर तर अजिबात नको, रेझिस्टर भरपूर मोठा लावा.

गर्दीचं लोक विचारतातच. ऐन गर्दीत लोकलमध्ये एका चौरस मीटरला १४ ते १६ माणसं उभी असतात. एच.ओ.मध्ये तो चौरस मीटर साडेअकरा मिमीचा चौकोन होतो, त्यात तेवढ्या बाहुल्या बसूच शकत नाहीत. म्हणून फसवा: दारं आणि खिडक्यांलगत माणसं, मधे काळोख. युरोपियन बाहुल्या स्वस्तात मिळतात पण ओव्हरकोट घालून येतात, ते तासून काढा. दोन-चार जणांची सॅक पाठीवरून छातीवर आणा, बघणारा लगेच हसेल. लगेज डब्यात एखादा पांढरी टोपीवाला डबेवाला.

रुळांचं दुखणं थोडक्यात: आपला ब्रॉडगेज १:८७ला १९.३ मिमी होतो, एच.ओ.चा रूळ १६.५चा. त्यामुळे रुंद डब्याखाली बोग्या काटकुळ्या दिसतात. रूळ नव्याने घालायची तयारी नसेल तर बोगीच्या बाजूच्या चौकटी दोन्हीकडे दीड-दीड मिमी बाहेर सरकवा, आणि चाकं १०.५ऐवजी ११ मिमीची घाला. समोरून कोणी वाकून बघितलं तरच चोरी पकडली जाईल. वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या तिप्पट तरी, म्हणजे सव्वासातशे मिमीच्या आसपास ठेवा, आणि प्लॅटफॉर्म चिकटवण्याआधी रुंद डबा फिरवून बघा.

वजनासाठी अमेरिकेच्या एनएमआरएचं (मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेचं) सूत्र चालतं, लोकलच्या डब्याला ते १६० ग्रॅमच्या आसपास येतं. बारा डब्यांचे जवळपास दोन किलो, म्हणून एकाच मोटरवर विसंबू नका, दोन मोटर कोच चालते करा. बारा डब्यांना पावणेतीन मीटरहून जास्त जागा लागते, घरात नसेल तर नऊ डब्यांची करा. चार डब्यांची 'प्रातिनिधिक' लोकल मात्र करू नका, कृपया.

पट्ट्यांबद्दल: फर्स्ट क्लासला लाल-पिवळे तिरके, लेडीजला हिरवे-पिवळे. तुमच्या फोटोत लेडीजवर डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचं चित्र दिसतंय, ठीक आहे, पण पश्चिम रेल्वेने ते नंतर बदललं, तेव्हा साल ठरवून मगच चिकटवा. गाडी कुठे जाणार ते सांगणाऱ्या समोरच्या पाटीवर तुम्ही इंग्रजी 'एन' लावलंय, म्हणजे गाडी कसाऱ्याची, मध्य रेल्वेची. मग बाजूवर पश्चिम रेल्वेची अक्षरं कशी? कर्जतला 'एस', बोरिवलीला 'बीओ'. एवढ्या बारकाव्यावर कोण लक्ष देतं म्हणाल, तर रोज त्या गाडीने जाणारा प्रत्येक माणूस देतो.

मळवताना ब्रेकची तपकिरी धूळ खालच्या भागात आणि बोग्यांवर, पँटोग्राफभोवती काजळी, आणि पिचकाऱ्या दारांच्या मागच्या बाजूला, कारण थुंकलेलं वाऱ्याने मागे जातं. गाडी दोन्ही दिशांना धावते, तेव्हा दोन्हीकडे थोडं थोडं. पावडर लावण्याआधी मॅट वार्निश मारा, नंतर मारलंत तर अर्धी पावडर गायब होते.

मोटर कोचच्या छताचे पुलावरून काढलेले फोटो माझ्याकडे आहेत, हवे असतील तर सांगा. सगळे सीमेन्सचे आहेत, बम्बार्डियर या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रणेच्या गाड्यांचे नाहीत.