'नास्तिक' म्हणजे 'न + आस्तिक' नव्हे

प्रश्न असा आला आहे: "'नास्तिक' हा शब्द 'आस्तिक'ला नकार जोडून झाला. नकार नेहमी मागून येतो. मग देव मानणे ही माणसाची आदिम वृत्ती आणि न मानणे ही नंतरची, हे शब्दावरूनच ठरत नाही का?"

ठरत नाही. 'न + आस्तिक' हा संधी कानाला पटतो, पण शब्द तसा घडलेला नाही. पाणिनीचे सूत्र आहे, 'अस्तिनास्तिदिष्टं मतिः' (४.४.६०). 'अस्ति', म्हणजे 'आहे', अशी ज्याची मती तो आस्तिक. 'नास्ति' अशी ज्याची मती तो नास्तिक. आणि दिष्ट, म्हणजे दैव, मानणारा तो दैष्टिक. तिन्ही शब्द एकाच सूत्रात, एकाच प्रत्ययाने सिद्ध झाले आहेत. नकार आहे तो 'अस्ति' या क्रियापदाला, 'आस्तिक' या नामाला नाही. नास्तिक हा आस्तिकाच्या पोटी जन्मलेला नाही, त्याचा पाठचा भाऊही नाही. ही जुळी भावंडे आहेत. (जाता जाता: 'आस्था असलेला तो आस्तिक' ही व्युत्पत्ती पुष्कळांच्या तोंडी असते. ती चूक आहे. 'आस्था'मध्ये 'स्था' धातू आहे, 'आस्तिक'मध्ये 'अस्'.)

शिवाय नकारार्थी शब्द मागाहूनच येतो, हा नियमही खरा नाही. 'असुर' ऋग्वेदात आहे, आणि तिथे तो वरुणासारख्या देवालाही लावलेला आहे. देव या अर्थाचा 'सुर' मात्र ऋग्वेदात सापडत नाही. पुढे कुणाला तरी 'असुर'मधला 'अ' नकाराचा वाटला आणि तो काढून 'सुर' तयार झाला. इंग्रजीतही 'एथीइस्ट' सोळाव्या शतकापासून दिसतो आणि 'थीइस्ट' सतराव्यापासून, म्हणजे नकार आधी. आणि आपला 'निरोगी' घ्या. रोग नसलेला तो निरोगी, म्हणून आरोग्याच्या आधी रोग होता असे कुणी म्हणत नाही.

आता शब्द बाजूला ठेवून वाक्ये पाहू, कारण 'अस्ति' आणि 'नास्ति' ही मुळात वाक्येच आहेत. मला या सगळ्या विषयात सर्वांत मोलाची वाटते ती ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातली, इंद्राच्या सूक्तातली एक ऋचा (२.१२.५). ऋषी म्हणतो की या भयंकर देवाविषयी लोक 'कुह सः', कुठे आहे तो, असे विचारतात. आणि त्याच्याविषयी 'नैषो अस्ति', हा नाहीच, असेही म्हणतात. आणि त्याच ऋचेच्या शेवटी विनवणी येते, 'श्रदस्मै धत्त', याच्यावर श्रद्धा ठेवा. हे 'श्रत्' आणि 'धा' जोडूनच आपला 'श्रद्धा' शब्द झाला. म्हणजे एवढ्या जुन्या मजकुरात श्रद्धेचे आवाहन आणि 'नाही' म्हणणारा माणूस एकाच ऋचेत, चार चरणांच्या आत उभे आहेत. आठव्या मंडलात तर 'नेन्द्रो अस्ति', इंद्र नाही, असे नेम नावाचा कुणी म्हणतो आणि विचारतो, 'क ईं ददर्श', त्याला पाहिलेय कुणी? (८.१००.३). ज्याला सगळे मानतातच, त्याच्यावर श्रद्धा ठेवा असे कुणी कशाला सांगेल? निदान आपल्याकडच्या सर्वांत जुन्या ग्रंथापुरते तरी दोन्ही आवाज एकत्रच ऐकू येतात.

मात्र आपल्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती तपासायला हवी. 'अस्ति' म्हणजे 'आहे', पण काय आहे? सूत्रात कर्ता दिलेलाच नाही. आपण आज तिथे 'देव' घालतो. काशिका ही पाणिनीवरची प्रसिद्ध वृत्ती तिथे 'परलोक' घालते. परलोक आहे असे मानणारा तो आस्तिक. मनुस्मृती (२.११) वेद घालते, 'नास्तिको वेदनिन्दकः'. बौद्धांच्या सामञ्ञफलसुत्तात अजित केसकंबली हा बुद्धाच्या काळचा विचारवंत आपले मत सांगतो ते 'नत्थि, नत्थि' असेच (हे 'नत्थि' म्हणजे 'नास्ति', गुजरातीतले 'नथी' त्याचेच वंशज). दान नाही, यज्ञ नाही, आहुती नाही, बऱ्यावाईट कर्माचे फळ नाही, परलोक नाही, आई नाही, बाप नाही. एवढ्या लांब यादीत जग निर्माण करणाऱ्या ईश्वराचे नाव नाही! अजिताच्या वादाचा तो मुद्दाच नव्हता.

म्हणून तर ईश्वराशिवाय मांडणी करणारे सांख्य आणि मीमांसक आस्तिक दर्शनांत बसतात, आणि कर्म, पुनर्जन्म मानणारे जैन वेद न मानल्यामुळे नास्तिक ठरवले जातात. जैनांना हे मान्य नव्हते. हरिभद्रसूरींनी षड्दर्शनसमुच्चयात जैन, बौद्ध धरून सहा दर्शनांना आस्तिकवाद म्हटले आणि लोकायतांना, म्हणजे चार्वाकमताच्या लोकांना, वेगळे काढले.

कर्ता बदलला की शब्द किती बदलतो, याचे सुंदर उदाहरण महाभारताच्या आदिपर्वात आहे. जरत्कारू ऋषी बायकोच्या मांडीवर डोके ठेवून झोपले आहेत. सूर्य मावळायला आला, संध्येची वेळ टळेल म्हणून ती त्यांना उठवते. ते रागावून कायमचे निघतात. भावाने ज्या मुलासाठी तिचे लग्न लावून दिले, त्याचे काय, हे ती विचारते. ते तिच्या पोटातल्या गर्भाविषयी एवढेच सांगतात: अस्ति. आहे. म्हणून मुलाचे नाव आस्तीक. त्यात 'ती' दीर्घ आहे, ती ऱ्हस्व लिहू नये. सर्पसत्र थांबवणारा तो हाच. इथल्या 'अस्ति'त ना देव आहे, ना परलोक, ना वेद.

राहिला 'आदिम'. आद्य, आदि, आदिम, तिन्हींचा अर्थ पहिला. पण आद्य शंकराचार्य म्हणताना आपण मान देतो, आदिमाया म्हणताना हात जोडतो, आणि 'आदिम' म्हटले की रानटी, अप्रगत असे काही मनात येते. 'कोणती वृत्ती आदिम' या प्रश्नात 'आधीची कोणती' आणि 'मागासलेली कोणती' असे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. दुसऱ्याचे उत्तर पहिल्यातून निघत नाही. आधीची म्हणून श्रद्धा आपोआप खरी ठरत नाही, तशी ती आपोआप अडाणीही ठरत नाही. असे लिहिताना 'आधीची' हा साधा शब्द वापरावा, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

याच्या उलट टोकाला 'प्रत्येक मूल जन्मतः नास्तिकच असते' असेही हल्ली लिहिले जाते. तेही शब्दाला धरून नाही. सूत्रात 'मतिः' आहे. 'नाही' असे मत बनवावे लागते, तेव्हा माणूस नास्तिक होतो. तान्ह्या बाळाची मती ना 'अस्ति', ना 'नास्ति'.

आजच्या मराठीत 'नास्तिक' म्हणजे देव न मानणारा, हा अर्थ पक्का रुजला आहे आणि तो तसा वापरण्यात काही गैर नाही. काटेकोर लिहायचे तर 'निरीश्वरवादी' आहेच. फक्त मनूचा किंवा काशिकेचा 'नास्तिक' मराठीत आणताना 'देव न मानणारा' असे भाषांतर करू नये. मनूच्या बाबतीत 'वेदांची निंदा करणारा' असेच लिहावे.