रोज कडधान्ये खाल्ल्याने शरीरातला दाह आणि मधुमेहाचा धोका कमी होतो का?

आपण जळगावचे आहात, वडिलांना मधुमेह आहे, आपली स्वतःची उपाशीपोटीची साखर सीमारेषेवर आली आहे, आणि रोज डाळ-उसळ खाल्ल्याने दाह (शरीरात आतून धुमसत राहणारी सूज) कमी होऊन मधुमेह टळेल का, असे आपण विचारले आहे. मी धुळ्यात आहारसल्ल्याचे काम करते. फायदा होतो, पण कडधान्य ताटात कशाच्या जागी आले यावर तो अवलंबून असतो. पोळ्या आणि भात तेवढेच ठेवून वर एक वाटी उसळ घेतली, तर उष्मांकच वाढतात.

साखरेबाबतचा पुरावा चांगला आहे. अख्ख्या हरभऱ्यातले किंवा मटकीतले पिष्ट पेशींच्या चिवट भिंतींत अडकलेले असते, त्यामुळे ते सावकाश पचते आणि जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. ग्लायसेमिक इंडेक्सची (पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते या मापाची) कल्पना १९८१ मध्ये मांडणारे टोरांटोचे डेव्हिड जेन्किन्स यांनी २०१२ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या १२१ रुग्णांवरचा तीन महिन्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. रोज निदान एक कप कडधान्य खाणाऱ्यांचे एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी, टक्क्यांत मोजली जाणारी रक्ततपासणी) सुमारे ०.५ ने, तर गव्हाचा कोंडा असलेले पदार्थ वाढवणाऱ्यांचे ०.३ ने उतरले. फरक लहान वाटेल, पण ही तुलना मैद्याशी नव्हती, तंतू असलेल्या कोंड्याशी होती. स्पेनमधील प्रेडिमेड अभ्यासात मधुमेह नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांची चार वर्षांवर नोंद ठेवली, तेव्हा सर्वाधिक कडधान्ये खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळला. अर्थात हे निरीक्षण आहे, त्यावरून कारण सिद्ध होत नाही.

दाहाबद्दल मी अधिक जपून बोलते. न पचलेले तंतू मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार होतात आणि ती आतड्याचे अस्तर सांभाळतात. इराणमधील एका छोट्या प्रयोगात लाल मांसाच्या जागी कडधान्ये दिल्यावर मधुमेहींच्या रक्तातले सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन (दाह असला की वाढणारे प्रथिन) उतरले. सगळ्याच प्रयोगांत अशी घट दिसलेली नाही.

आपल्या खानदेशात याची सोय घरातच आहे. ज्वारीत सालासकट उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी गव्हाच्या पोळीच्या जागी आली, की हवा असलेला बदल आपोआप होतो. तूरडाळ भिजवून, जाडसर वाटून, वाफवलेले फुणके कढीबरोबर खावेत. ते मला फार मोलाचे वाटतात, कारण त्यांना तेल जवळजवळ लागतच नाही. शेवभाजी मात्र या हिशेबात धरू नका. तीही हरभऱ्याचीच खरी, पण बारीक दळलेले बेसन लवकर पचते, शेव तळलेली असते आणि वर तर्रीचे तेल येते. वरण-बट्टीतही बट्टी मोजूनच घ्यावी लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० उष्मांकांच्या आहारात दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये सुचवली आहेत. हे वजन कच्च्या धान्याचे आहे. आजवर कमी खात असाल तर हळूहळू वाढवा, म्हणजे गॅसचा त्रास कमी होईल.

वडिलांच्या बाबतीत आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या, कारण मूत्रपिंड अशक्त असेल तर प्रथिने आणि पोटॅशियम यांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे लागते. ते इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील, तर भात-पोळी कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा, कारण औषधाची मात्रा तीच राहिल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.